आठवा प्याला

पोर्ट मर्सर
३ जुलै १८२०, सोमवार

मर्सी,

मिस्टर स्प्रोलची टोपी आमच्या कुंपणापलीकडे चिखलात पडली आहे आणि ते ती उचलायला वाकले आहेत. टोपी मी फेकली नाही. तुझ्या आईने फेकली. मी फक्त दार उघडं धरलं होतं.

रीतीप्रमाणे आधी खुशाली लिहायला हवी होती. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा पावसाआधी दुखतो आणि पावसानंतरही दुखतो. मटार यंदा भरपूर आले. तू आणि बाळ सुखरूप असाल अशी आशा करतो. जावईबापू ओवेनला आशीर्वाद सांग. तुझं पत्र शनिवारी नावेवरून मिळालं. आईने ते आधी मला मोठ्याने वाचायला लावलं, मग स्वतः वाचलं, मग अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

तू लिहितेस, "बाबा, एक घोट. माझ्यासाठी. त्यात तुमचं काय जातं?"

त्याचंच उत्तर लिहायला बसलो होतो, तेवढ्यात स्प्रोल आले.

स्प्रोलना तू ओळखतेस. काचेचा कारखाना, दोन घोड्यांची गाडी, नगरसभेतली पहिली खुर्ची. उद्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभ समितीचे ते प्रमुख आहेत. अक्रोडांच्या झाडांखाली जेवण, आणि जेवणानंतर तेरा प्याले, म्हणजे कुणाच्या तरी मानाने एक वाक्य वाचायचं आणि सगळ्यांनी प्यायचं; ती वाक्यं मी वाचायची. महापौराला ते चुकत नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि आपण होऊन खुर्ची ओढून बसले.

"शब्द समितीचे," ते म्हणाले. "त्यात काना-मात्रा बदलायची नाही, मेजर. प्याला कसा घ्यायचा, किती जयघोष, किती तोफा, ते पुकारणं तुमचं. आम्ही बाजूला पेन्सिलीने सुचवलंय, एवढंच."

मी वाचत गेलो. पहिला, आजचा दिवस. दुसरा, जनरल वॉशिंग्टन. मग फौज, आरमार, नांगर आणि माग. आठव्याला थांबलो.

"जनरल अ‍ॅब्नर लॅथम. त्यांनी आपलं सैन्य अरण्यातून घरी आणलं." बाजूला पेन्सिलीने: नऊ जयघोष, तीन तोफा.

"छान जमलाय ना?" स्प्रोल म्हणाले. "वर्तमानपत्रवाल्या पिकेटने फार मेहनत घेतली त्यावर. उद्या जनरल स्वतः येतायत. तुमच्या उजव्या हाताला बसतील."

"हे खोटं आहे."

"मेजर, जेवणातलं वाक्य आहे. शपथपत्र नाही."

"सैन्य घरी आलं नाही. निम्मं आलं."

"सगळं कुणाचं येतं?" त्यांनी माझ्याच डबीतली तपकीर घेतली. "हे बघा. ऑक्टोबरात लॅथम काँग्रेसला निवडून जाणार, तुम्ही प्यायलात तरी आणि नाही प्यायलात तरी. टपालरस्ता इथून न्यायचा की खालच्या गावातून, ते ठरवणारे तेच. तुमची मुलगी त्यांच्या घरात आहे. व्याही आहेत तुमचे. माणसाने थोडं जगाकडे बघावं."

तिथेच त्यांनी उठायला हवं होतं.

ते म्हणाले, "तुमचा भाऊ आज असता ना, तर त्यानेच सगळ्यांत आधी प्याला उचलला असता."

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हात तसेच घेऊन ती बाहेर आली. "मिस्टर स्प्रोल," ती म्हणाली, "आमच्या जेरेडच्या तोंडात तुमचे शब्द घालू नका. त्याच्या तोंडात माती आहे, तेवढी पुरे." मग तिने खुंटीवरची टोपी काढली. पुढचं तुला सांगितलंच. टोपीच्या काठावर कणकेची पाच बोटं उमटली होती.

ते गेल्यावर मला वाटलं, ही माझ्या बाजूची आहे.

"आणि आता तुम्ही," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "उद्या मुकाट्याने पिऊन टाका."

"आत्ताच तर तू त्याची टोपी..."

"टोपी माझ्या मर्जीने गेली. नातू तुमच्या मर्जीवर अडकलाय. मडेराची दारू आहे ती, एरंडेल नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तू जे लिहिलंस ते मी नीट समजलो आहे. प्याला झाला तर तुझे सासरे रविवारी बाप्तिस्म्याला आमच्यासाठी आपली नाव पाठवतील. झाला नाही तर लॅथमच्या धक्क्याला आमची नाव लागू देणार नाहीत, आणि बाळाला इथे पाठवणार नाहीत. बाळ जन्मलं तेव्हा नदीला पूर होता. पूर ओसरला तेव्हा निवडणुकीची भाषणं सुरू झाली होती. आम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही. त्याचे कान माझ्यासारखे आहेत असं तू म्हणतेस. बिचारा.

तू मला हट्टी म्हणतेस. मी तसा नव्हतो. सोळाव्या वर्षी फौजेत गेलो तो हट्टाने नाही, घरात माणसं जास्त आणि भाकरी कमी होती म्हणून. इंग्रजांशी तह झाला, सगळे घरी गेले, मी राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं. मग पश्चिमेची ठाणी, मग अरण्यातली ती मोहीम, मग मेजरचा हुद्दा. नंतर इथे येऊन खिळे आणि बियाणं विकलं. हे शहर झालं तेव्हा दोन्ही पक्षांचं कुणावरच एकमत होईना, आणि माझा राग करणारं तोवर कुणी नव्हतं, म्हणून मला महापौर केलं. मी रस्त्यावरची डुकरं कोंडली, विहिरी बांधून घेतल्या, खाटीकखाना धक्क्याच्या खाली हलवला. आता माझा राग करणारे पुरेसे झाले आहेत. तरी दर वर्षी निवडतात. मला वाटतं, सवयीने.

जेरेडकाका त्या मोहिमेत पडला हे तुला माहीत आहे. लहानपणी तू विचारायचीस, कसा? मी म्हणायचो, शूरासारखा. ते खरं आहे.

आईने आत्ता विचारलं, एवढं काय लिहिताय? मी म्हटलं, मटारांबद्दल.

उद्या मी काय करीन ते मला माहीत नाही, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. मी पिणार नाही. फक्त ते कसं करायचं हे अजून ठरलेलं नाही. उठून गेलो तर म्हणतील, म्हातारा रुसला. प्याला पालथा घातला तर म्हणतील, चढली. दोन्ही मला नको आहे.

तू हे वाचशील तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस, आणि मग मला तुझा शब्द मोडावा लागला असता. त्यापेक्षा हे बरं.

तुझा बाप,
एनॉक लायल


५ जुलै, बुधवार

मर्सी,

परवाचं पत्र अजून इथेच आहे. दोन्ही बरोबर पाठवीन.

काल काय झालं ते तुला तुझ्या घरी वेगळं सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक.

जनरल नावेने आले, ओवेन बरोबर होता. लोकांनी त्यांना धक्क्यावरून जवळजवळ उचलूनच आणलं. त्यांना अजूनही माणसांची नावं आठवतात, बायकांची आठवतात, घोड्यांचीही आठवतात. मला मिठी मारली.

"काय व्याहीबुवा! डोक्यावर काही शिल्लक ठेवलंत की नाही?"

"तुमच्यापेक्षा कमी, जनरल."

"महापौर झालं की जातात. मी म्हणूनच झालो नाही. तुमच्या नातवाला बघा, तुमच्यापेक्षा जास्त केस आहेत!"

सगळे हसले. मीही हसलो. तो माणूस दुष्ट नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्याशी प्रेमाने वागतात, बाळंतपणात त्यांनी डॉक्टर आणवला. हे मी विसरलेलो नाही. मला राग यायला इतकी वर्षं लागली त्याचं कारणही हेच असेल.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. डुक्कर, हॅम, मटार, गुजबेरीची पक्वान्नं. बायका नेहमीप्रमाणे झऱ्याकडच्या बाकांवर होत्या. टेकाडावर म्हातारा सार्जंट डॉइल पलिता घेऊन तोफेपाशी उभा होता. खालून समितीच्या माणसाने रुमाल हलवला की तो बत्ती देतो. त्याला शब्द ऐकू येत नाहीत, फक्त रुमाल दिसतो.

मी प्याले वाचायला उभा राहिलो. पहिल्याला तीन जयघोष आणि एक तोफ. दुसरा वॉशिंग्टनचा. मी पुकारलं, "उभे राहून, शांततेत." सगळे उठले, टोप्या काढल्या, प्यायले, बसले. रुमाल हलला नाही. मेलेल्यांचा प्याला तसाच घेतात.

खरं सांगतो, त्या वेळेपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. दुसरा प्याला झाला आणि टोप्या परत डोक्यांवर चढत होत्या, तेव्हा ते आलं. मग पुढचे पाच मी कसे वाचले ते आठवत नाही. सातवा बायकांचा होता; त्यावर बाकांकडून कोणीतरी ओरडलं, "प्याले तुम्ही प्या, भांडी आम्ही घासतो!" तो तुझ्या आईचा आवाज होता असं मला वाटतं. ती नाही म्हणते.

आठवा.

मी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि समितीचे शब्द वाचले. एकही बदलला नाही. "जनरल अ‍ॅब्नर लॅथम. त्यांनी आपलं सैन्य अरण्यातून घरी आणलं."

रुमालवाल्याने हात वर नेला होता. माझ्या उजव्या हाताला जनरल मान खाली घालून हसत होते, मोठी माणसं स्तुती ऐकताना हसतात तसं.

मी पुकारलं, "उभे राहून, शांततेत."

ते उठले, मर्सी. सगळे उठले. माणूस असं ऐकलं की उठतो. चाळीस वर्षं आपण हेच करत आलो आहोत. बाकं सरकली, टोप्या उतरल्या. आणि जनरलही उठले. टोपी छातीशी धरून, दुसऱ्या हातात प्याला घेऊन ते ताठ उभे राहिले. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना बसता येईना, आणि पिताही येईना.

कुणी बसेना. रुमालवाल्याचा हात तसाच वर राहिला होता, मग तो हळूच खिशात गेला. दूर कुणाचा तरी घोडा साजातली साखळी वाजवत होता. टेबलाच्या टोकाला म्हातारा विटकोम उभा होता, त्याला अजिबात ऐकू येत नाही. त्याने शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "कोण वारलं?"

मी माझा प्याला भरलेला तसाच खाली ठेवला. "नववा," मी म्हटलं. "ओहायो नदी आणि तिच्यावरचा व्यापार. सहा जयघोष, एक तोफ." डॉइलने बत्ती दिली तेव्हा दोन-चार माणसं दचकली.

जनरल तेराव्या प्याल्यापर्यंत बसून राहिले. हे मी त्यांच्या बाजूने लिहितो. दुसरा कुणी उठून गेला असता.

नंतर ते मला झऱ्यापाशी भेटले. ओवेन त्यांच्या मागे दोन पावलांवर होता. मी त्याला जायला सांगितलं नाही, त्यांनीही नाही.

"मला जिवंतपणी पुरलंत, लायल," ते म्हणाले. व्याहीबुवा संपलं होतं.

"प्याला तुमच्या सैन्याचा होता, जनरल. मी तो त्यांना दिला."

"लढाई होती. जखमींना आणायला जनावरं नव्हती. तुम्ही तिथे होतात."

"जनावरं होती."

"थकलेली होती."

"थकलेली नव्हती. लादलेली होती. तुमचा पलंग, तुमच्या पेट्या, बाटल्यांची ती हिरवी संदूक. मी पिछाडीला होतो. ती माझ्यासमोरून गेली."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या वर्षांनी? आणि ते माझ्या सुनेच्या बापाने?"

"इतकी वर्षं तुम्ही ते वाक्य माझ्याकडून वाचून घेतलं नव्हतं."

"रविवारी येऊ नका."

"बरं."

ओवेनने त्यांना हात दिला आणि ते धक्क्याकडे गेले. ओवेनने मागे वळून पाहिलं नाही.

घरी येताना आई माझ्याबरोबर चालली, पण रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. दार लावल्यावर म्हणाली, "मटार उरलेत. गरम करू का?" आम्ही जेवलो.

आज सकाळी नगरसभा बसली. स्प्रोल नवी टोपी घालून आले होते. त्यांचं म्हणणं, मी पिकेटच्या वर्तमानपत्रात माफी छापावी, म्हणजे प्रकरण मिटेल. थोडी चूक झाली, ऊन होतं, कागद नीट दिसला नाही, असं काहीतरी.

"कागद मला नीट दिसला," मी म्हटलं. "एखादा शब्द चुकीचा वाचला का?"

"शब्द नाही. रीत."

"रीत माझी होती. तुम्हीच घरी येऊन सांगितलंत."

कोणीतरी खोकण्याचं निमित्त करून हसलं. स्प्रोल लाल झाले. "मेजर, एका ओळीचा प्रश्न आहे. एक ओळ लिहा आणि उद्याही महापौर राहा."

"लिहितो," मी म्हटलं. "महापौर लायल यांनी माफी मागितली नाही. ही ओळ इतिवृत्तात घ्या."

मग मतं झाली आणि त्यांनी मला काढलं. फार फरकाने नाही. मी बाजाराची किल्ली आणि शहराचा शिक्का टेबलावर ठेवला आणि चालत घरी आलो. वाटेत खाटीकखान्याच्या मालकाने माझ्यापुढे टोपी काढली. त्याने इतक्या वर्षांत ती कधी काढली नव्हती.

पिकेटचं वर्तमानपत्र दुपारी निघालं. तेरा प्याले रीतीप्रमाणे छापले आहेत. आठव्यापुढे तीन शब्द आहेत: उभे राहून, शांततेत. त्याला ते गाळता आलं नसतं. तिथे सगळं शहर होतं.

आता जेरेडबद्दल. इथवर येईपर्यंत मी किती इकडचं तिकडचं लिहिलं ते माझ्या लक्षात आलं आहे.

तो लढाईत पडला, पण मेला नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. ज्यांच्याशी आम्ही लढत होतो ते शॉनी जमातीचे लोक आपल्या घरांसाठी लढत होते. त्यांचा मका आम्ही आदल्या आठवड्यात जाळला होता. त्यांच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता. माघार घ्यायचा हुकूम आला आणि त्याबरोबर दुसरा आला, की ज्यांना चालता येत नाही त्यांना मागे ठेवा. ठेवा, हाच शब्द होता. पिछाडी माझ्याकडे होती. मी लादलेली जनावरं थांबवली आणि एका पेटीचे दोर कापले. जनरलच्या मदतनिसाने माझ्या छातीला पिस्तूल लावलं आणि हुकूम पुन्हा वाचून दाखवला. पेटी परत चढवली गेली. माणसं बघत होती.

जेरेड बीचच्या झाडाला टेकून बसला होता. तोंड पांढरं पडलं होतं पण बोलत होता. म्हणाला, "एनॉक, तुझी माणसं तुझ्यासाठी थांबली आहेत. जा, मूर्खासारखा उभा राहू नकोस." मी त्याला माझं पिस्तूल दिलं. भरलेलं. पाण्याची बाटली दिली. त्याने विचारलं, "दोन्ही परत हवंय का?" तो असाच होता.

मी माणसं घेऊन चालू लागलो. चालताना आवाजाची वाट बघत होतो. दिवसभर बघितली. आवाज आला नाही.

त्याने ते का झाडलं नाही, की झाडायला वेळ मिळाला नाही, की तो नंतरही बराच काळ तिथे तसाच बसून होता, हे मला कुणी सांगणार नाही. मी तीस वर्षं ते विचारलं नाही, आता विचारतो आहे असंही नाही.

हे मी तुझ्यापुढे कबुली म्हणून लिहीत नाही. मला जो हुकूम होता तो मी पाळला, आणि जिवंत माणसं घरी आणली. मला माफी नको आहे. तुझ्या लग्नात मी हे बोललो नाही, तेही बरोबर केलं. ओवेन तेव्हा पाळण्यात होता. त्याच्या बापाच्या पेट्या त्याने लादल्या नव्हत्या. तो मला आवडतो, अजूनही आवडतो. मी गप्प राहू शकलो असतो, मरेपर्यंत राहिलो असतो. पण गप्प राहणं वेगळं आणि शहरासमोर उभं राहून "घरी आणलं" असं म्हणत पिणं वेगळं. तू एक घोट मागितलास. तो माझ्याकडे नव्हता.

तू रागावली असशील तर रागाव. रागाव, पण "बाबा चुकले" असं त्या घरात कुणाच्या समाधानासाठी म्हणू नकोस. तुला तसं वाटत असेल तर मला लिही, मी वाचीन. आम्हाला बाळ बघायला मिळणार नाही, तर नाही. त्याची किंमत मला माहीत आहे. आईलाही माहीत आहे. ती आज दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि माझा महापौरकीचा काळा कोट घासून, घडी करून पेटीत ठेवला. तो मी फेकून देणार होतो.

बाळ मोठं झालं की त्याला हे सांग. आधी त्याच्या आजोबांकडचं सांग, मग माझ्याकडचं. दोन्ही सांग.

तुझा बाप, आणि जेरेडचा भाऊ,
एनॉक लायल


६ जुलै, सकाळ

टपालाला देण्याआधी एवढं जोडतो.

उजाडताच ओवेन आला, दोन वल्हेकरी घेऊन. दारातच उभा राहिला. आई म्हणाली, "जावईबापू, आत या. उंबऱ्यावर न्याहारी वाढत नाही मी." तो आत आला नाही.

"मेजर," तो म्हणाला, "त्या जनावरांचं खरं आहे?"

"तुमच्या वडिलांना विचारा."

"काल रात्री विचारलं."

"मग?"

"म्हणाले, झोपायला जा."

तो टोपी हातात फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, "ते तेव्हा कुठे होते? वडील?"

"पुढे. घोड्यावर."

"आणि तुम्ही?"

"मागे."

त्याने मान हलवली. "वडिलांनी सांगितलंय, रविवारी तुमच्यापैकी कुणी यायचं नाही."

"सांगितलंत. झालं तुमचं काम."

"मी ते सांगायला आलो नाही. न्यायला आलोय. तिथे काय होईल ते मी बघून घेईन. मर्सीने पाठवलंय."

आईने तोवर बाहेर जायचं बॉनेट डोक्याला बांधलेलं होतं. कधी बांधलं ते मला दिसलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. त्या धक्क्यावर मला माफी मागूनच उतरता येईल, आणि ती मी मागणार नाही. "मग बसा इथे," ती म्हणाली, "मटार संपवा." पण दारातून जाताना तिने माझी कॉलर सारखी केली.

ओवेनने निघताना हात पुढे केला. मी तो घेतला.

बाळाला आणता येईल तेव्हा इथे आण. मी घरीच आहे, आता मला कुठे जायचं नसतं.

ती नावेत बसली आहे आणि खालून हाका मारते आहे. मला बोलावत नाही, हे पत्र मागते आहे.

ए. ला.